सी-थ्री कॉर्व्हेट की एफजे ४०? एकच घ्यायची आहे

वाटसरू
मंडळी, डेन्व्हरच्या बाजूला दोन गाड्या विकायला आहेत आणि खिशात पैसे एकीचेच आहेत.

पहिली १९७५ ची कॉर्व्हेट कूप, म्हणजे शेव्हीची तिसऱ्या पिढीची (सी-थ्री) स्पोर्ट्स कार. टी-टॉप (छपराचे दोन तुकडे निघतात), बेस ३५० घनइंची इंजिन, ऑटोमॅटिक, रंग ताजा मारलेला. दुसरी १९७६ ची टोयोटा लँड क्रूझर एफजे ४०, जीपसारखी फोर व्हील गाडी. २एफ पेट्रोल इंजिन, चार गिअर, पुढे डिस्क ब्रेक, हार्डटॉप, रंग जुनाच आणि खाली तेलाचे डाग. घासाघीस करून दोन्ही साधारण एकाच भावाला पडतील असं दिसतंय.

वापर म्हणजे महिन्यातून दोन-तीन रविवार, शंभर-दीडशे मैल. हिवाळ्यात गॅरेजात झाकून. नट-बोल्टचं काम स्वतः करणार. जॅक आणि स्टँड आहेत, लिफ्ट नाही. वेल्डिंग येत नाही.

कुठली घ्यावी, आणि बघायला जाताना नेमकं कुठे डोकं घालावं? "दोन्ही घ्या" हा सल्ला नको, त्यावर घरात चर्चा होऊन गेली आहे.

तेलकट हात
आधी आकडे उरकून टाकू, म्हणजे पुढे त्यावरून भांडण नको.

१९७५ च्या बेस ३५० ला १६५ हॉर्सपॉवर. १९७० च्या एलटी-१ ह्या तगड्या ३५० इंजिनाचे ३७० डोक्यात ठेवून तिकडे बघू नका. तो ग्रॉस आकडा होता, उघड्या इंजिनावर मोजलेला. १९७२ पासून नेट आकडे, म्हणजे सगळी जोडणी लावून मोजलेले, छापायला लागले. पण नुसती मोजणी बदलली असंही नाही. १९७५ चं इंजिन मुळातच मवाळ आहे: कॉम्प्रेशन ८.५, आणि त्याच वर्षी आलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा). दोन्ही बाजूंचे पाइप एका डब्यात शिरतात आणि मागे पुन्हा दोन होतात. मागून दोन नळकांडी दिसली म्हणून भुलू नका.

२एफ ला १३५. सहा सिलिंडर, ४.२ लिटर. तुम्ही मैलभर उंचीवर आहात. कार्बोरेटरचं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के ताकद सोडतं, म्हणजे कॉर्व्हेट १४० च्या घरात आणि क्रूझर ११५ च्या. दोघींचं वजन दीड टनाच्या आसपास. ताकदीत लोक समजतात तेवढं अंतर नाही.

अंतर आहे ते गिअरिंगमध्ये. ६० मैलांच्या वेगाला क्रूझर ४.११ गुणोत्तराच्या डिफरन्शियलवर आणि मूळ मापाच्या टायरवर २,८०० आरपीएमने फिरते, कॉर्व्हेट ३.०८ वर २,३०० ने. कॉर्व्हेटमध्ये त्या वेगात बोलता येतं. क्रूझरमध्ये ओरडावं लागतं. रविवारचे दीडशे मैल हायवेचे असतील तर हा प्रश्न इथेच मिटला. खडी-मातीचे, डोंगरातले असतील तर उलट बाजूने मिटला.

पण तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "वेल्डिंग येत नाही" हे आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं पान्याने उघडतं. सडलेलं लोखंड पान्याने उघडत नाही. जिचं लोखंड धड, ती गाडी घ्या. मग ती कुठली का असेना.

गंजमुक्त
वरच्याला +१. आणि ह्याच मुद्द्यावर कॉर्व्हेट जास्त फसवते. "बॉडी फायबरची, गंजायचा प्रश्नच नाही" हे वाक्य विक्रेत्याने उच्चारलं की सावध व्हा.

फायबर हे वरचं कातडं. आत पुढच्या काचेभोवती आणि दारांभोवती पोलादी सांगाडा आहे, त्याला बर्डकेज म्हणतात. तो बसतो पोलादी चासीवर, आठ माउंटांवर (जोडाच्या जागांवर), एका बाजूला चार. पाणी येतं काचेच्या कडेने आणि टी-टॉपच्या रबरातून. खांबातून खाली उतरतं, दाराच्या बिजागरीच्या खांबात साचतं आणि दोन नंबरचं माउंट आतून खातं. वर रंग आरशासारखा. त्यात तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, ते चासीच्या पोटात जाऊन बसतं.

बघायची पद्धत. विक्रेत्याला आधी विचारून घ्या, कारण दोन-चार स्क्रू काढावे लागतात.

ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या पायांजवळ बाजूला प्लॅस्टिकचं पॅनल असतं, ते काढा. बॅटरी (टॉर्च) आणि छोटा आरसा आत घाला. बिजागरीच्या खांबाचा तळ आणि दोन नंबरचं माउंट दिसतं. वरवरचा तांबूस थर चालेल. पापुद्रे सुटत असतील, पाटीसारख्या चकत्या हातात येत असतील, तर तिथेच थांबा.

मग काचेच्या खांबावरची आतली पट्टी आणि वरची पट्टी. सन व्हायजरचे स्क्रू फिरतात पण घट्ट होत नाहीत असं असेल तर मागचं लोखंड उरलेलं नाही. काचेचे खालचे दोन कोपरे सगळ्यात आधी जातात.

दार उघडून उंबऱ्यावरची अॅल्युमिनियमची पट्टी काढा, खालची पोलादी नाळ बघा.

शेवटी गाडीखाली. मागच्या चाकांच्या पुढे चासी जिथे वर वळते आणि मागचे आर्म ज्या खाचेत बसतात, तिथे टोच्याने टोचा. हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर चांगली चासी टणकन वाजते, सडलेली भद् करते.

आणि एक फुकटची परीक्षा. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला. हललं तर बिजागरीकडे बघा. पिन हलत असेल तर बुश गेलेत, स्वस्तातलं काम. पिन जागेवर आणि बिजागरी खांबासकट हलत असेल तर चहा पिऊन घरी या.

वाटसरू
बापरे. रंग ताजा आहे ही मग जमेची बाजू की शंकेची? ठोकलेली आहे का हे फायबरमध्ये कळतं का?

गंजमुक्त
शंकेची. पण कळतं, उलट पत्र्यापेक्षा सोपं कळतं. फायबरचे तुकडे जोडताना कंपनी आतून सांध्यावर एक पट्टी चिकटवते. पुढच्या चाकाच्या कमानीत आणि बॉनेटखाली बॅटरी मारून ह्या पट्ट्या शोधा. पट्टी सरळ, डावी-उजवी सारखी, आणि मधलं पॅनल आतून गुळगुळीत असेल तर ते मूळचं. आतून झिपऱ्या फायबरची गोधडी लावलेली दिसली किंवा पट्टीच गायब असली तर तो कोपरा कधीतरी ठोकलेला आहे. छोट्या ठोकरीला हरकत नाही, भाव मात्र त्या हिशोबाने लावा.

मिस्टर शिम
लोखंडाचं झालं. आता कॉर्व्हेटची दुसरी खर्चाची जागा: मागची चाकं आणि ब्रेक. ह्यावर थोडं सविस्तर, कारण लोक इथे हजार डॉलर घालून आजार तिथेच ठेवतात.

ब्रेक. चारही चाकांना डिस्क (रोटर), तिला दाबणाऱ्या एका कॅलिपरमध्ये चार पिस्टन, एकूण सोळा. कॅलिपर बिडाचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, सिलिंडरला आतून खड्डे पडतात आणि सील गळायला लागतं. त्यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे स्टेनलेसची स्लीव्ह घातलेले कॅलिपर. १९७५ च्या गाडीत ते बहुतेक कोणीतरी आधीच बसवलेले असतात. विचारून घ्या.

खरी गंमत त्याच्या पुढे. नवे कॅलिपर, कुठे थेंब गळत नाही, तरी दोन-तीन महिन्यांत पॅडल स्पंजासारखं होतं. हवा काढली की आठवडाभर बरं, पुन्हा तेच. ह्यात कॅलिपरचा दोष नसतो. कारखान्यात रोटर हबला रिव्हेट मारून बसवायचे आणि बसवल्यावर जागेवरच घासून सरळ करायचे. पुढे कोणीतरी रिव्हेट ड्रिल करून उडवतो, नवा रोटर नुसता लावतो आणि तो डगमगतो. चाक फिरताना रोटर पिस्टनना आत-बाहेर ढकलत राहतो आणि ओठाचं सील प्रत्येक हेलकाव्याला बाहेरची हवा आत ओढतं. हवेचा पंपच तयार होतो.

तपासायचं असं. चाक काढा, चाकाचे नट वॉशर घालून रोटरवर आवळा, डायल गेज लावून रोटर हाताने फिरवा. ०.००३ इंचापर्यंत उत्तम, ०.००५ च्या वर गेला की हा आजार नक्की. रोटर पाचही स्टडवर एकेक घर फिरवून बसवून बघा, बऱ्याचदा एका जागी डगमग निम्मी होते. नाहीच जमलं तर रोटरमागे तिरकी शिम (जाडी जुळवायची पातळ चकती). ओ-रिंगवाले कॅलिपर मिळतात, त्यांत हवा शिरत नाही, पण ते लक्षण झाकतात. रोटर डगमगतोच आहे हे विसरू नका.

हवा काढताना मागच्या प्रत्येक कॅलिपरला दोन निपल असतात, एक आत, एक बाहेर. बाहेरच्यासाठी चाक काढावं लागतं, म्हणून आळशी लोक तो सोडून देतात आणि मास्टर सिलिंडरला शिव्या घालतात.

मागची बेअरिंग. चाक हवेत उचला, वर आणि खाली धरून हलवा. टॅपर बेअरिंगची जोडी आहे, मध्ये स्पेसर आणि शिम. कंपनीची सूट ०.००१ ते ०.००८ इंच प्लेची. चांगला कारागीर ०.००२ च्या आत बांधतो. ग्रीसचा निपल नाही, त्यामुळे ग्रीस बदलायचं तरी स्पिंडल बाहेर ठोकून काढावा लागतो आणि प्रेस लागते. हे काम घरी करू नका. अख्खा आर्म काढून बांधून घ्यायला पाठवा.

आणि तो आर्म काढतानाच माणूस रडतो. पुढचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एक झालेला असतो. पाना लावून तासभर घालवू नका. दोन्ही बाजूंच्या शिमा काढा आणि त्या फटीतून रेसिप्रोकेटिंग करवतीने बोल्ट कापा. शिमा किती आणि कुठल्या बाजूच्या हे आधी फोटो काढून ठेवा, मागच्या चाकांचं टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) त्याच ठरवतात.

शेवटचं म्हणजे हाफ शाफ्ट. कॉर्व्हेटमध्ये हा शाफ्टच वरच्या आर्मचं काम करतो. गाडी चाकांवर उभी असताना मागून बघा. मागची चाकं वरून आत कलंडलेली दिसली तर एकतर पाटा (लीफ स्प्रिंग) बसलाय, नाहीतर डिफरन्शियलच्या आतले स्टब शाफ्ट टोकाला झिजलेत. चाक उचलून शाफ्ट हाताने आत-बाहेर ढकला. ठक् ठक् झालं तर डिफरन्शियल उघडायची तयारी ठेवा.

खटारा प्रेमी
शिमभाऊंनी बँकेचं कर्जच काढायला लावलं. मी दोन स्वस्त गोष्टी सांगतो.

एक, हेडलाइट. व्हॅक्युमवर उघडतात. इंजिन बंद करा, मग लाइटचं बटण ओढा. साठवलेल्या व्हॅक्युमवर दोन्ही लाइट एकदा तरी पूर्ण वर यायला हवेत. एकच आला किंवा डोळा मारल्यासारखा अर्धा राहिला तर त्या बाजूचा अॅक्चुएटर (लाइट उचलणारा व्हॅक्युमचा डबा) नाहीतर रिले गळतोय. हातपंपाने अॅक्चुएटरच्या दोन्ही नळ्यांना आळीपाळीने १० इंच व्हॅक्युम द्या, काटा स्थिर राहिला पाहिजे. बहुतेक वेळा दांड्याचं छोटं सील गेलेलं असतं. डेन्व्हरला इंजिनाचा व्हॅक्युमच कमी, दर हजार फुटांना अंदाजे एक इंच पारा. समुद्रसपाटीला १८ दाखवणारं इंजिन तुमच्याकडे १३ दाखवेल आणि ते निरोगीच असेल. त्यावरून घाबरून कोणी रिंगा बदलायला लावेल, ऐकू नका.

दोन, गरम होणं. ह्या गाडीला नाकाऐवजी हनुवटीखालून हवा मिळते. पुढच्या बंपरखालची काळी प्लॅस्टिकची पट्टी घासून तुटलेली असते आणि कोणाला ती शोभेची वाटते. ती नसेल किंवा रेडिएटरभोवतीचे रबर-स्पंज गेले असतील तर हवा रेडिएटरला वळसा घालून जाते. नवा रेडिएटर घेण्याआधी ती पट्टी लावा, आणि एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये साठलेला पालापाचोळा काढा.

स्पॅनरवाली
सगळे कॉर्व्हेटच्याच मागे लागलेत. क्रूझरबद्दल मी लिहिते.

एफजे ४० चा गंज प्रामाणिक असतो. सपाट पत्रा आहे, लपायला जागा कमी. पण पुट्टी भरून भरून प्रामाणिकपणा संपवलेल्या गाड्याही खूप आहेत, विशेषतः कोलंबिया-व्हेनेझुएलाहून येऊन रंगरंगोटी झालेल्या. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा: मागच्या दारांखालचा आडवा उंबरा, मागच्या चाकांच्या कमानी, हार्डटॉपच्या बाजूंची खालची कड, छपराची पन्हळ, पुढे रेडिएटरखालचा पत्रा. चुंबक घसरला तिथे पुट्टी. मग खालून टबच्या (बॉडीच्या खालच्या पेटीच्या) माउंटांचे ब्रॅकेट, आणि चासीची मागची टोकं जिथे पाट्याचे हँगर आहेत. चिखल तिथे आत साचून राहतो.

पेट्रोलची टाकी ह्या वर्षी शेजारच्या सीटखाली आहे. सीट उचलून वास घ्या. नळ्यांची रबरं इथेनॉलच्या पेट्रोलने फुगून मऊ झालेली असतात. ती गाडी घेतल्या दिवशीच बदलायची, वाट बघायची नाही.

फायरवॉलवरच्या प्लेटचा नंबर आणि उजव्या चासीच्या पुढच्या भागावर बाहेरून ठोकलेला नंबर जुळवा. रंगाच्या थराखाली असेल तर वायर ब्रश मारा. एफजे ४० ह्या अक्षरांनीच सुरू झाला पाहिजे. ब्राझीलची बांदेइरांते दिसायला बहीण असली तरी ती वेगळी गाडी. तिच्यात बरीच वर्षं मर्सिडीजचं डिझेल इंजिन यायचं, आणि तिचे बरेच भाग इकडचे बसत नाहीत.

आता तुमचे "तेलाचे डाग". कुठे आहेत ते महत्त्वाचं. इंजिनाखालचे असतील तर तो क्रूझरचा स्वभाव आहे. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला, त्या गोल नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) काळं पातळ कालवण ओघळत असेल तर अॅक्सलचं आतलं सील गेलंय. डिफरन्शियलचं गिअर ऑइल नकलमध्ये येऊन बर्फील्ड जॉइंटचं (चाक वळलेलं असतानाही ताकद पोचवणाऱ्या गोळ्यांच्या सांध्याचं) ग्रीस धुऊन टाकतं. असं वर्षभर चालवलं की जॉइंटला खड्डे पडतात आणि पूर्ण स्टिअरिंग वळवून फोर व्हीलमध्ये टाकली की कट्-कट् ऐकू येतं.

हे काम मात्र घरी, स्टँडवर, दोन शनिवारांत होतं. म्हणून सविस्तर लिहिते.

चाक आणि कॅलिपर काढा. कॅलिपर तारेने पाट्याला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. हबच्या तोंडावरच्या फ्लँजचे सहा नट काढले तरी ती निघत नाही, कारण खाली शंकूच्या आकाराचे चिरलेले वॉशर बसलेत. स्टडच्या टोकांना नट लावून ठेवा आणि फ्लँजच्या कडेला पितळी हातोडी मारा, वॉशर उडून वर येतात. पान्याने उचकटायला गेलात तर स्टड मोडेल. मग सर्कलिप, मग ५४ मिलिमीटरचा नट, चिमटीचं वॉशर, आतला नट. छिन्नी-हातोडीने हा नट फिरवलेल्या कित्येक गाड्या आहेत, त्याच्या कडा बघितल्या की आधीच्या मालकाचं शिक्षण कळतं. सॉकेट घ्या, महाग नाही.

स्पिंडलचे आठ बोल्ट, स्पिंडल बाहेर, अख्खा शाफ्ट बर्फील्डसकट बाहेर. टाय रॉड सोडा. वरच्या-खालच्या बेअरिंगच्या टोप्या काढताना त्यांच्याखालच्या शिमा वर किती, खाली किती हे वेगवेगळ्या पुडीत ठेवा. ह्या मिसळल्या की नकल मध्यावर येत नाही आणि तुम्ही घातलेलं नवं सील सहा महिन्यांत एका बाजूने खाल्लं जातं. बहुतेक "नवीन किट घालूनही गळतंय" तक्रारींचं मूळ हेच.

सगळं केरोसीनने धुवा. किटमध्ये आतलं सील, नकलच्या मागचा नमदा-रबर-पत्र्याचा संच, गॅस्केट आणि बेअरिंग येतात. बर्फील्डचे गोळे आणि पिंजरा भिंगाने बघा. मोलिब्डेनमचं ग्रीस गोळ्यांमध्ये दाबून भरा आणि नकल तीन चतुर्थांश भरा, काठोकाठ नको. टोप्या आवळल्यावर स्टिअरिंग आर्मच्या टोकाला स्प्रिंगकाटा लावून नकल ओढून बघायचा. मॅन्युअलमधल्या आकड्यात ओढ आली पाहिजे. ढिली राहिली तर ४५ मैलांना स्टिअरिंग थरथरतं.

आणि स्क्रूबद्दल एक. जपानी फुलीचे स्क्रू आहेत. अमेरिकन स्क्रू-ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, डोकं कुरतडतो. जेआयएस लिहिलेले ड्रायव्हर घ्या. बाकी सगळं १०, १२, १४, १७, १९ च्या पान्यांत निघतं. कॉर्व्हेटला सूत-इंचाचा वेगळा संच लागेल.

तेलकट हात
ताई, नकलचं झकास लिहिलंय. पण इंजिनाबाबत क्रूझरला जास्तच सोडलंत.

२एफ ला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) वेळोवेळी सेट करावे लागतात. इंजिन पूर्ण गरम, इनटेक ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.३५. कॉर्व्हेटचे हायड्रॉलिक, तिथे कटकट नाही. टायमिंगची खूण फ्लायव्हीलमध्ये ठोकलेला छोटा छर्रा आहे, बेलहाउसिंगच्या खिडकीतून दिसतो आणि ७ अंशांवर येतो. छर्ऱ्यावर पांढरा रंग लावल्याशिवाय टायमिंग लाइटखाली सापडत नाही. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा मॅनिफोल्ड. इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना बोल्टने जोडलेले आणि दोन्ही एकाच गॅस्केटवर. एक गरम, एक थंड, त्यामुळे दोघे वेगवेगळे ताणतात आणि गॅस्केट फाटतं. आयडलिंग वर-खाली होतं आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात. इंजिन थंड असताना चालू करून सांध्यावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, आरपीएम बदलला की सापडलं. गरम इंजिनावर मारू नका, आग लागेल. मॅनिफोल्ड काढलाच तर दोन्ही एकत्र जोडून एका पातळीत घासून घ्या. नुसतं नवं गॅस्केट महिनाभरही टिकत नाही.

आणि भाग. कॉर्व्हेटचा वायपरचा स्क्रूही कॅटलॉगमधून दुसऱ्या दिवशी येतो. १९७९ ह्या एका वर्षात ५३,८०७ गाड्या निघाल्या होत्या, बाजार प्रचंड आहे. क्रूझरचे घासणारे भाग मिळतात, टोयोटाने २०२१ मध्ये ४० सिरीजचे काही भाग पुन्हा बनवायचं जाहीरही केलं. पण मूळ हार्डटॉपच्या बाजू किंवा ठीकठाक एसान कंपनीचा मूळ कार्बोरेटर शोधायला गेलात की किमती बघून बसायला खुर्ची लागते.

स्पॅनरवाली
मॅनिफोल्डचं मान्य. भागांचंही अर्धं मान्य. पण कॉर्व्हेटची बर्डकेज दुरुस्त करायला काच, डॅशबोर्ड आणि बऱ्याचदा अख्खी बॉडी उचलावी लागते. क्रूझरचा टब अगदीच गेला तर नवा टब विकत मिळतो आणि बोल्टवर बसतो. वेल्डिंग न येणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

तेलकट हात
हा मुद्दा बिनतोड. मागे घेतो.

सोलापूरकर
मध्येच शंका. बऱ्याच एफजे ४० मध्ये शेव्हीचं ३५० बसवलेलं विकायला असतं. म्हणजे कॉर्व्हेटचंच इंजिन क्रूझरमध्ये. मग दोघींचं लग्न झालेलीच का घेऊ नये?

मिस्टर शिम
लग्न कोणी लावलं त्यावर आहे. अॅडॅप्टर प्लेट लावून ३५० टोयोटाच्या चार गिअरच्या बॉक्सला बसतं, ते नवं नाही. बघायचं ते असं: डिस्ट्रिब्युटरसाठी फायरवॉल हातोडीने ठोकून आत घातलीय की नीट कापून पेटी केलीय. एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा ब्रेकच्या नळीला खेटून जातो का. रेडिएटर वाढवलाय का, चढावर तापमान किती जातं. माउंट चासीला वेल्ड केलेत की बोल्टवर, कारण परत मूळ इंजिन बसवायचं झालं तर फरक पडतो. आणि ब्रेक. इंजिन वाढवलं आणि चारही ड्रम तसेच ठेवले असतील तर नको. जुन्या ड्रमच्या गाडीला एका चाकात दोन व्हील सिलिंडर, म्हणजे आठ सिलिंडर आणि आठ अॅडजस्टर. त्यातला एक जरी अडकला तरी गाडी ब्रेक लागताच एका बाजूला ओढते.

वाटसरूंच्या १९७६ ला पुढे डिस्क आहेत, पण मागे तेच दोन सिलिंडरचे ड्रम. पॅडल खाली जात असेल तर मास्टर बदलण्याआधी मागचे चारही अॅडजस्टर ड्रममागच्या पत्र्याच्या खिडकीतून आवळा. शू घासेपर्यंत घट्ट, मग दोन-तीन दात मागे. निम्म्या वेळा एवढंच असतं.

वाटसरू
अफाट माहिती. एक दूरचा प्रश्न: पाच-सात वर्षांनी गाडी नाशिकला न्यायची झाली तर?

खटारा प्रेमी
कस्टमचं ज्याचं त्याला विचारा. नोंदणीचं २०२१ च्या नियमांत स्पष्ट आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज, नंबरात व्हीए ही अक्षरं, नोंदणी फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात हवं. म्हणजे सोलापूरकरांची लग्न झालेली गाडी तिथे बाद.

आणि कॅलिफोर्नियाला कधी गेलात तर १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी माफ आहे. तुमच्या दोन गाड्यांमधली कॉर्व्हेट सुटते, क्रूझर एका वर्षाने अडकते.

वाटसरू
शनिवारी सकाळी क्रूझर, दुपारी कॉर्व्हेट बघायला जातोय. सोबत काय नेऊ? आणि दोन्ही इंजिनं थंड असावीत असं सांगून ठेवू का?

स्पॅनरवाली
थंड हवीत हे आधी सांगाच, आणि पोचल्यावर एक्झॉस्टला हात लावून खात्री करा. तापवून ठेवलेलं इंजिन काहीतरी लपवतं. बॅटरी, दातांच्या डॉक्टरचा आरसा, टोच्या, व्हॅक्युम गेज, जेआयएस ड्रायव्हर, अंगाखाली टाकायला पुठ्ठा. एक माणूस न्या. तो क्रूझरचं स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवी हलवेल आणि तुम्ही खाली झोपून कुठल्या टाय रॉडपाशी हालचाल हरवते ते बघाल. चुंबक फक्त सकाळपुरता. दुपारी फायबरला काय चिकटणार.

गंजमुक्त
दुपारीही न्या. काचेच्या खांबावरची आतली पट्टी काढलीत की चुंबक खांबाला लावा. सडलेलं लोखंड फायबरने भरून वर रंग मारायची युक्ती जुनी आहे. तिथे चुंबक चिकटलाच पाहिजे.